चौदाव्या महिन्यात बंद पडलेला फ्रिज

फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा एसी वॉरंटी संपल्यावर काही आठवड्यांतच बंद पडला की घरातले आधी नशिबाला बोल लावतात आणि मग दुकानात फोन करतात. तिकडून उत्तर येतं, ‘वॉरंटी संपली ना, आता काही होणार नाही.’ बहुतेक लोक ते मुकाट्याने मान्य करतात आणि खिशात हात घालतात. माझ्या मते ते उत्तर अर्धवट आहे आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात ग्राहकाचा हक्क दडपला जातो. वॉरंटी कार्डावरची मुदत ही फुकट दुरुस्तीची मुदत असते. वस्तू विकताना तिच्या दर्जाबद्दल दिलेला शब्द त्या तारखेला आपोआप विरत नाही. हे म्हणणं घासूनपुसून पाहायचं तर समोर तोलामोलाचा विरोधक हवा, म्हणून या लेखात एक दुकानदार बोलणार आहे. तो कोणी एक माणूस नाही. उपकरणांच्या दुकानांत आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर रोज ऐकू येणारे युक्तिवाद त्याच्या तोंडी घातले आहेत, आणि ते पातळ होऊ नयेत याची काळजी घेतली आहे.

दुकानदार म्हणतो, “ताई, वॉरंटी हा करार आहे. कंपनीने एक वर्ष म्हटलं, तुम्ही ते बघून फ्रिज घेतलात, किंमतही त्या एका वर्षाच्या हिशेबानेच ठरली. तेराव्या महिन्यात काही झालं तर तो खर्च तुमचा. रेषा कुठेतरी ओढावीच लागते. दोन दिवसांनी चुकलेल्याला सवलत दिली तर दोन महिन्यांनी चुकलेला म्हणेल, माझं काय? आणि यंत्र म्हटलं की कधी ना कधी बिघडणारच. प्रत्येक बिघाड कंपनीच्या गळ्यात घालायचा म्हटलं तर धंदा कसा चालायचा?”

शेठ, रेषा हवी हे कबूल. पण ती कशाची रेषा आहे ते आधी पाहू. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. एखाद्या कायद्याने, स्पष्ट किंवा गृहीत धरलेल्या कराराने, किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याप्रमाणे वस्तूचा जो दर्जा असायला हवा त्यातली कोणतीही उणीव म्हणजे दोष. या व्याख्येत वॉरंटीच्या मुदतीचा उल्लेखच नाही. त्याहून जुना १९३० चा वस्तुविक्री कायदा आहे. त्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे, तशा मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असलीच पाहिजे. ही अट बिलावर लिहिलेली नसली तरी धरलेलीच असते. खरेदीदाराने माल पारखून घेतला असेल, तर त्या पारखणीत दिसायला हवे होते तेवढेच दोष या अटीतून सुटतात. आता शोरूममध्ये कोणी फ्रिज भिंतीपासून ओढून मागच्या नळीचा सांधा तपासत नाही. तो सांधा कारखान्यातच कच्चा राहिला आणि त्यातून गॅस थोडा थोडा झिरपत गेला, तर पहिल्या वर्षी फ्रिज नुसता जास्त वेळ चालतो, बिल थोडं वाढतं, कोणाच्या लक्षात येत नाही. आणि चौदाव्या महिन्यात बर्फ धरेनासा होतो. हा दोष विक्रीच्या दिवशीच वस्तूत होता, चौदाव्या महिन्यात तो फक्त कळला. याउलट चार वर्षांनी दरवाजाचं रबर सैल पडलं तर ती झीज आहे आणि तिचा खर्च ग्राहकानेच करायचा. खरी रेषा या दोहोंमध्ये आहे. कॅलेंडरवरची रेषा सोयीची असते, कारण ती दिसते. पण दोष आणि झीज वेगळी करण्याचं काम तिच्याने होत नाही.

दाव्याचा मुद्दा आणखी जवळून बघण्यासारखा आहे. फ्रिजच्या दरवाजावर, एसीच्या खोक्यावर मोठ्या गोल स्टिकरमध्ये छापलेलं असतं, ‘१० वर्षं वॉरंटी’. खाली बारीक अक्षरात ‘कॉम्प्रेसरवर’. कार्ड उघडलं की कळतं, संपूर्ण उपकरणाला एकच वर्ष आहे. कॉम्प्रेसर दहा वर्षं फुकट मिळेल, पण तो बसवायची मजुरी, गॅस भरण्याचा खर्च, येण्या-जाण्याचा व्हिजिट चार्ज ग्राहकाचा. इन्व्हर्टर मॉडेलमध्ये त्या कॉम्प्रेसरला चालवणारं पीसीबी जळलं, तर ते अनेकदा या दहा वर्षांत धरलेलंच नसतं, आणि पीसीबीवाचून तो कॉम्प्रेसर निरुपयोगी. ग्राहक संरक्षण कायद्यात ‘जाहिरात’ या शब्दात लेबल, वेष्टन आणि बिलसुद्धा येतं, म्हणजे तो स्टिकर ही जाहिरातच आहे. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. खुलाशाची तळटीप मूळ दाव्याच्या विरोधात जाता कामा नये, महत्त्वाची माहिती लपवण्यासाठी तिचा वापर होऊ नये, तिची भाषा आणि अक्षराचा प्रकार दाव्याचाच असावा, असं त्यांत सांगितलं आहे. ज्या कंपनीने दहा हा आकडा दाखवून गिऱ्हाईक दुकानात आणलं, तिने ‘आमची जबाबदारी बारा महिन्यांची’ असं म्हणणं मला प्रामाणिक वाटत नाही. वस्तू किती वर्षं टिकायची हे तिने स्वतःच ग्राहकाच्या मनात भरवलेलं असतं. पाच स्टारचा फ्रिज महाग का, याचं उत्तर तुम्हीच काउंटरवर देता, शेठ: वरचे पैसे वीजबिलात काही वर्षांत वसूल होतील. तो हिशेब खरा ठरायला फ्रिज तेवढी वर्षं चालायला हवा.

यावर दुकानदाराचं उत्तर कच्चं नाही. “ताई, तुम्ही कंपनीचं बोलता, पण लोक उपकरणं कशी वापरतात ते मी बघतो. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरतं की दिवे लालसर होतात. मालवण-रत्नागिरीकडे खाऱ्या वाऱ्याने एसीची कॉइल दोन वर्षांत खाल्लेली असते. सात किलोच्या मशीनमध्ये लोक गोधड्या कोंबतात. वॉरंटी संपल्यावर कोपऱ्यावरचा मेकॅनिक बोलावून सगळं उघडून घेतात आणि मग म्हणतात, मूळचाच दोष होता. मूळचा होता हे सिद्ध कोण करणार? कंपनीने का सिद्ध करायचं?”

सिद्ध करण्याचा भार आज ग्राहकावर आहे, ही वस्तुस्थिती आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ‘उत्पादनातला दोष’ एवढं नुसतं म्हणून ग्राहक आयोगापुढे तक्रार टिकत नाही; तज्ज्ञाचं मत लागतं. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर जिल्हा आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, अशी तरतूद कायद्याच्या अडतिसाव्या कलमात आहे. मात्र त्याची फी आधी तक्रारदाराने भरायची असते. पण अनेकदा सगळ्यात चांगला पुरावा कंपनीच्याच कागदावर असतो. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने लिहिलेलं जॉब शीट घ्या. त्यावर तक्रारीची तारीख, त्याला काय आढळलं, कोणता पार्ट बदलला, सगळं असतं. आठव्या महिन्यात ‘गॅस कमी, रिफिल केला’, अकराव्यात पुन्हा तेच आणि चौदाव्यात पुन्हा तेच, अशी तीन जॉब शीट असतील तर गळती मुळात बंदच झाली नव्हती हे कंपनीनेच लिहून दिलं आहे. वॉरंटीत आलेली तक्रार नीट न निवारता मुदत सरू दिली, तर ती सेवेतली त्रुटी, आणि सेवेतल्या त्रुटीसाठी दाद वस्तूच्या दोषापासून वेगळी मागता येते. म्हणून एक गोष्ट मी कळकळीने सांगते: हल्ली काम संपल्याचा ओटीपी मागितला जातो आणि तो दिला की तक्रार ‘क्लोज’ होते. यंत्र चालू झाल्याची खात्री झाल्याशिवाय तो देऊ नये आणि जॉब शीटचा फोटो काढल्याशिवाय माणसाला जाऊ देऊ नये.

व्होल्टेज आणि खाऱ्या हवेबद्दल म्हणाल तर ती ग्राहकाची चूक कशी? ज्या कंपनीचं मॉडेल कोकणात विकायला ठेवलं जातं, तिला कोकणात समुद्र आहे हे ठाऊक असतं. त्याच मॉडेलच्या माहितीपत्रकात ‘गंजरोधक थर दिलेली कॉइल’ आणि ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं छापलेलं असेल, तर व्याख्येतले ते शब्द पुन्हा आठवा: विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेला दावा. स्टॅबिलायझर लागत नाही म्हणून विकलेला फ्रिज व्होल्टेजने गेला असं सांगणं म्हणजे आपला दावा खोटा होता ही कबुली आहे. गोधड्यांचं मात्र तुमचं खरं. क्षमतेबाहेर वापर केल्याचं दिसत असेल तर तो दोष कंपनीवर ढकलता येणार नाही, आणि ढकलूही नये.

इथे एका गैरसमजाचं बोलायला हवं, कारण तो ग्राहकांच्या बाजूचा आहे. २०१९ च्या कायद्याने उत्पादन दायित्वाचं नवं प्रकरण आणलं, तेव्हा आता काहीही बिघडलं तरी कंपनी भरपाई देईल अशी समजूत पसरली. त्या प्रकरणातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाचं झालेलं नुकसान वगळलेलं आहे. फ्रिजने पेट घेतला, कोणी भाजलं, स्वयंपाकघर जळालं, तर ते प्रकरण लागू होतं, आणि रचनेतला किंवा निर्मितीतला दोष सिद्ध झाल्यावर वॉरंटी संपली होती हा बचाव पुरत नाही. फ्रिज नुसताच बंद पडला असेल तर दाद दोष, सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा या मार्गांनीच मागावी लागते. चुकीच्या कलमाखाली केलेली तक्रार खरी असूनही फेटाळली जाते, म्हणून हा फरक कळणं महत्त्वाचं.

“आणि किंमत?” दुकानदार मुद्दा सोडत नाही. “जबाबदारी वाढवा म्हणता, पैसे कोण देणार? सव्वीस हजारांचा फ्रिज तिशीच्या पुढे जाईल. ज्याच्या घरात पहिल्यांदाच फ्रिज येतोय तो दुकानाच्या पायरीवरूनच परत जाईल. त्याचा हक्क नाही का?”

त्याचा हक्क सगळ्यांत आधी. मात्र जबाबदारी वाढवण्याची किंमत किती, याचं उत्तर तुमच्याच काउंटरवर आहे. बिल करताना तुम्ही वाढीव वॉरंटी विकता. समजा सव्वीस हजारांच्या फ्रिजवर पुढच्या दोन वर्षांसाठी तुम्ही दोन हजार मागितले. त्या दोन हजारांत दुरुस्तीचा अपेक्षित खर्च आहे, कंपनीचा किंवा विमा देणाऱ्याचा नफा आहे, तुमचं कमिशन आहे. शिवाय ती घेणारे बहुतेक जण ज्यांना बिघाडाची धास्ती जास्त तेच असतात, त्यामुळे दरही चढा ठरतो. सगळ्याच फ्रिजना तेवढं संरक्षण मिळालं तर माणशी खर्च याहून बराच खाली यायला हवा. तरी मी सरसकट तीन वर्षं फुकट दुरुस्ती मागतच नाही. मी मागते ती फक्त मूळच्या दोषाची जबाबदारी, जिचा खर्च चांगला माल बनवणाऱ्यावर अगदी थोडा पडतो आणि कच्चे सांधे सोडणाऱ्यावर जास्त. तो तसाच पडायला हवा. आज तो खर्च नाहीसा झालेला नाही. ज्याच्या वाट्याला वाईट नग आला त्या एका घरावर तो पूर्ण पडतो, आणि ते घर अनेकदा तुम्ही म्हणता तेच, पहिल्यांदा हप्त्यावर फ्रिज घेणारं. फ्रिज बंद पडला तरी हप्ते चालूच राहतात.

न्याय दोन्हीकडे हवा, म्हणून तुमच्या बाजूची एक गोष्ट मीच मांडते. दोन वर्षं वापरलेल्या फ्रिजच्या बदल्यात नवा कोरा फ्रिज मागणं योग्य नाही. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटलं, की वॉरंटीची अट दोषयुक्त भाग बदलून देण्याची असेल तर सबंध गाडी बदलून देण्याचा आदेश देता येणार नाही. तो खटला गाडीचा असला तरी तत्त्व उपकरणांनाही लावलं जातं. मला ते पटतं. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात, सहा महिन्यांनंतर वस्तू परत करून पैसे घेताना तोवरच्या वापराचे पैसे कापता येतात. पण इंग्लंडमध्ये करारभंगाचा दावा सहा वर्षांपर्यंत लावता येतो, दुकानदाराने दिलेली वॉरंटी कितीही महिन्यांची असो. घसारा वजा करा, पार्ट बदलून द्या, मजुरीचा काही भाग ग्राहकाकडून घ्या; या सगळ्यावर बोलता येईल. कॅलेंडर पाहून तक्रारच न नोंदवणं यावर बोलणी होऊ शकत नाहीत.

आता दुकानदार त्याचं सगळ्यात बळकट पान टाकतो. “ताई, कार्डावर स्पष्ट लिहिलंय, या वॉरंटीव्यतिरिक्त कोणतीही स्पष्ट किंवा गृहीत वॉरंटी कंपनी देत नाही. मग तुमच्या १९३० च्या कायद्यातल्या गृहीत अटीचं काय झालं?” आक्षेप खरा आहे. त्याच कायद्याचं बासष्टावं कलम सांगतं, की गृहीत धरलेल्या अटी दोन्ही पक्षांच्या स्पष्ट कराराने बाजूला ठेवता येतात. माझं उत्तर असं, की खोक्यात सीलबंद असलेलं आणि पैसे दिल्यावर हाती येणारं कार्ड म्हणजे दोन पक्षांनी ठरवलेला करार, हे मानायला कठीण आहे. शिवाय २०१९ च्या कायद्याने ‘अनुचित करार’ ही कल्पना आणली: ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल घडवणाऱ्या अटी राज्य आयोग रद्दबातल ठरवू शकतो. मात्र ती तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही. सव्वीस हजारांच्या फ्रिजसाठी गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या माणसाने एका छापील वाक्याविरुद्ध राज्य आयोगापर्यंत जायचं, ही कायद्यातली उणीव आहे. हा अधिकार जिल्हा आयोगालाही मिळायला हवा, आणि गृहीत दर्जाची अट ग्राहकाच्या बाबतीत कोणत्याही कार्डाने पुसता येणार नाही असं विधिमंडळाने नव्हे, संसदेनेच लिहून टाकायला हवं.

सुट्या भागांच्या बाबतीत तर ग्राहक आणि दुकानदार एकाच बाजूला उभे राहू शकतात. ‘मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाही’ हे वाक्य दुकानदारालाही रोज ऐकावं लागतं. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं, आणि मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये विभागाकडे आला. वाटचाल योग्य दिशेची आहे, पण फ्रिजचे भाग अमुक वर्षं मिळालेच पाहिजेत अशी सक्ती अजून नाही. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून ती आहे: त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून फ्रिजचे महत्त्वाचे भाग किमान ७ वर्षं आणि वॉशिंग मशीनचे १० वर्षं उपलब्ध ठेवायचे आणि मागणी आल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत पोहोचवायचे. युरोपचं इथे कशाला, असं तुम्ही विचाराल. त्या नियमांखाली तिकडे माल विकणाऱ्या अनेक कंपन्या आपल्याकडेही विकतात, हे त्याचं कारण. तोवर आपल्या कायद्यातही एक आधार आहे: जी वॉरंटी किंवा दुरुस्तीचं आश्वासन पुरं होण्याची वाजवी शक्यताच नाही, ते देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. दहा वर्षांची कॉम्प्रेसर वॉरंटी देऊन सहाव्या वर्षी कॉम्प्रेसर मिळत नाही म्हणणं या व्याख्येत चपखल बसतं.

“हे सगळं मान्य केलं तरी,” दुकानदार विचारतो, “आज ज्याचा फ्रिज बंद आहे त्याने काय करायचं? आयोगात वर्षं जातात. आणि नोटीस कंपनीआधी माझ्या दुकानात येते.”

वर्षं जातात हे दुर्दैवाने खरं आहे. कायदा तीन महिन्यांत, आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल लावावा असं म्हणतो, तरीही. म्हणून पहिली पायरी आयोगाची नसावी. फोनवर भांडण्याऐवजी कंपनीला ईमेलने लेखी तक्रार करावी, तीत बिघाडाचं वर्णन, आधीच्या तक्रारींचे क्रमांक आणि ‘हा मूळचा दोष आहे’ हे वाक्य असावं. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. मराठीत बोलता येतं. त्यानंतर जिल्हा आयोग. तक्रार आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथे दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची, त्यामुळे ‘बघू, बोलतो कंपनीशी’ या आश्वासनांवर महिने घालवू नयेत. निकाल लागेपर्यंत घर फ्रिजविना ठेवता येत नसेल तर दुरुस्ती करून घ्यावी, पण आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून काय बिघडलं ते लिहून घ्यावं आणि काढलेला जुना पार्ट त्यांच्या हवाली न करता घरी ठेवावा. आणि शेठ, नोटीस तुम्हाला येते म्हणता, तर गिऱ्हाईक काउंटरवर आलं त्याच दिवशी त्याची तक्रार तुमच्या लेटरहेडवर कंपनीला पाठवा. त्या पत्राची पोच त्याच्या फाइलला लागेल तशी तुमच्याही लागेल.